वेबसाइट बंद पडली की फोन कुणाला?

राज्य कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर सोयाबीनचे भाव पाहताना ‘लातूर-मुरुड’ अशी स्वतंत्र ओळ भेटते. आवक किती क्विंटल, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. पाहणाऱ्याला हा नेहमीचा तक्ता वाटतो, पण कुणी तो रोज हाताने मांडत नाही. सौदे निघाल्यावर आकडे एका फॉर्ममध्ये भरले जातात, सर्व्हर नावाचा दूरचा संगणक ते तपासून डेटाबेसमध्ये साठवतो आणि कुणी मोबाइलवर पान उघडले की त्यातून हवे तेवढे काढून दाखवतो. वेब सॉफ्टवेअर म्हणजे मुळात एवढेच. पतसंस्थेचे खाते, कॉलेजचा प्रवेश, क्लासची ऑनलाइन टेस्ट, कारखान्याची ऊसनोंद ही याच गोष्टींची वेगवेगळी जुळणी.

हे बनवणाऱ्या कंपन्या म्हटल्या की हिंजवडीतल्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. पण तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणची बरीचशी कामे पाच ते पंधरा माणसांच्या कंपन्या करतात. व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक इन्व्हर्टर आणि एक लाइन तुटली तर दुसरी चालावी म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट, असा त्यांचा थाट असतो. मराठवाड्यात मनुष्यबळाची वानवा नाही. नांदेडचे श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 पासून आहे, लातुरात बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि 1994 मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून दरवर्षी बीसीए, बीसीएस झालेली मुले बाहेर पडतात. अडचण त्यांना टिकवून धरण्याची आहे. दोन वर्षे काम शिकलेला मुलगा पुण्याच्या रात्रीच्या गाडीने मुलाखतीला जातो आणि महिन्याभराची नोटीस देऊन मोकळा होतो.

मोठ्या कंपनीत पानाचे रूप करणारा वेगळा, आतले गणित लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि ग्राहकाशी बोलणारा वेगळा. छोट्या कंपनीत ही सगळी कामे तीन-चार जणांत फिरतात. सकाळी उभ्याउभ्या दहा मिनिटांची बैठक होते. तिला स्टँडअप म्हणतात. काल काय झाले, आज काय, कुठे अडले. प्रत्येक कामाचे एक टिकीट असते. लिहिलेला कोड गिट या नोंदवहीत जातो. लिनस टॉरवल्ड्सने 2005 मध्ये तयार केलेल्या या साधनात कोणती ओळ कुणी, कधी, का बदलली हे कायमचे राहते. दुसऱ्याने कोड वाचून होकार दिला की तो आधी चाचणीच्या सर्व्हरवर आणि मग लाइव्ह जातो. शुक्रवारी संध्याकाळी काहीही लाइव्ह टाकायचे नाही हा या धंद्यातला अलिखित नियम. तो मोडला की शनिवार-रविवार जातोच.

ग्राहकाला दिसणारे काम आणि प्रत्यक्ष वेळ खाणारे काम यांत मोठे अंतर असते. गाव निवडायची साधी यादी घ्या. मुरुड लातूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात मुरुड-अकोला आहे, रायगड जिल्ह्यात मुरुड-जंजिऱ्याचे मुरुड आहे आणि दापोली तालुक्यातही एक मुरुड आहे. त्यात कुणी ‘मुरुड’ लिहितो, कुणी ‘मुरूड’. माणसाला संदर्भाने कळते, डेटाबेसला ही वेगवेगळी गावे वाटतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे एकच वाटते. म्हणून नावावर विसंबायचे नाही, केंद्र सरकारच्या स्थानिक संस्था निर्देशिकेत प्रत्येक गावाला दिलेला क्रमांक साठवायचा, हे शहाणपण एखादे अनुदान भलत्याच गावाच्या नावावर दिसल्यावर येते.

मराठीची आणखी एक खोच आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला आडवा रफार युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधखिडकीत मात्र एका पद्धतीने टाइप केले तर दुसऱ्या पद्धतीने साठवलेले अर्ज सापडत नाहीत आणि लिपिक सांगतो, ‘तुमचे सॉफ्टवेअर अर्ज खाते.’ साठवण्याआधी सगळे एका रूपात आणणाऱ्या दोन ओळी लिहिल्या की प्रश्न मिटतो, पण नेमके काय बिघडले हे कळायलाच अख्खा दिवस जातो. जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर तो आधी रूपांतरित करून ओळ न् ओळ तपासावा लागतो. या कामाचे पैसे कोटेशनमध्ये सहसा कुणी धरत नाही.

पैशांचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. समजा, दोन लाखांचे काम ठरले. थोडी रक्कम आगाऊ, थोडी मधल्या टप्प्यावर, उरलेली काम संपल्यावर. काम ‘संपले’ कधी यावरच बहुतेक भांडणे होतात, कारण शेवटच्या आठवड्यात ग्राहकाला नव्या कल्पना सुचतात. बिलावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 36 हजार. ग्राहकाने पैसे दिले नसले तरी बिल फाडले की कर भरावाच लागतो. वर ग्राहक टीडीएस कापून घेतो आणि तो विवरणपत्र भरताना देय करातून वळता होतो, जास्तीचा असेल तेवढाच परत मिळतो. नफ्यातली कंपनीसुद्धा पगाराच्या तारखेला कोरडी पडते ती यामुळे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावेत, असे 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. उद्यम नोंदणी असेल तरच याचा आधार घेता येतो, आणि ती न करणाऱ्या कंपन्या अजूनही बऱ्याच आहेत.

खरी रोजीरोटी वार्षिक देखभाल करारावर, म्हणजे एएमसीवर चालते. मूळ किमतीच्या साधारण 15 ते 20 टक्के. ‘वर्षभर काही बिघडलेच नाही, मग पैसे कशाचे?’ हा प्रश्न दर मार्चला येतो. उत्तर एखाद्या रात्री मिळते. निकालाच्या दिवशी एखाद्या क्लासची साइट उघडेनाशी होते. लातूरसारख्या शहरात, जिथे नीटच्या तयारीवर अख्खा बाजार उभा आहे, तिथे ही आणीबाणीच. सर्व्हरवर शिरून पाहावे तर डिस्क शंभर टक्के भरलेली. प्रत्येक भेटीची नोंद करणारी लॉग फाइल वर्षभर वाढत राहिली, जुन्या नोंदी पुसण्याची सोय कुणी लावलीच नव्हती, आणि डेटाबेसला नवी ओळ लिहायला जागा उरली नाही. घाईत ती फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही, कारण चालू प्रोग्रामने ती धरून ठेवलेली असते. तो बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच जागा सुटते. हे ठाऊक असलेला माणूस रात्री साडेअकराला फोन उचलतो, त्याचे हे पैसे.

दुसऱ्यांची कामे करून देण्याऐवजी स्वतःचे एकच सॉफ्टवेअर बनवून अनेकांना विकणे हा दुसरा मार्ग. मराठवाड्यातले त्याचे ठळक उदाहरण बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचे दादासाहेब भगत. दहावी आणि आयटीआयनंतर ते पुण्यात इन्फोसिसमध्ये महिना 9,000 रुपयांवर ऑफिसबॉय होते. तिथेच संगणकावरची कामे पाहून ते ग्राफिक्स आणि अ‍ॅनिमेशन शिकले, पुढे नाइन्थ मोशन ही कंपनी काढली. टाळेबंदीत पुण्याचे ऑफिस सोडून गावाकडे यावे लागले तेव्हा गोठ्याच्या जागेत काम सुरू झाले आणि गावातल्या मुलांना शिकवून ते वाढले. वेबवर तयार नमुन्यांतून पोस्टर, जाहिराती बनवून देणारे त्यांचे डूग्राफिक्स यातूनच पुढे आले. ‘शार्क टँक इंडिया’ या टीव्ही कार्यक्रमात गुंतवणूकदार अमन गुप्ता यांनी 10 टक्के हिश्शासाठी एक कोटी देऊ केले. बातम्यांना गोठा आवडला. धंद्याच्या दृष्टीने मोलाची गोष्ट मात्र ही की ग्राहक इंटरनेटवर होता, म्हणून कंपनी कुठे आहे याने त्याला फरक पडला नाही.

मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजची वाट आणखी निराळी. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाची गरज ओळखून हिशेब आणि साठ्याच्या सॉफ्टवेअरवर काम सुरू केले, 2008 मध्ये कंपनी काढली, आणि तयार झालेले ईआरपीनेक्स्ट सगळ्यांसाठी खुले करून टाकले. कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वापरावा. कमाई होते ती सर्व्हरवर चालवून देण्याची आणि मदतीची. 2020 मध्ये शेअर दलाली करणाऱ्या झिरोधाच्या रेनमॅटर या गुंतवणूक शाखेने तिच्यात गुंतवणूक केली. लातूरची चार माणसांची कंपनी आज एखाद्या डाळमिलला हे सॉफ्टवेअर लावून देऊ शकते आणि त्यासाठी परवान्याचा एक रुपयाही मोजावा लागत नाही.

पण खुल्या कोडवर उभे राहण्यात जोखीमही आहे. मार्च 2016 मध्ये एका प्रोग्रामरने वादातून आपले छोटे पॅकेज इंटरनेटच्या सामाईक साठ्यातून काढून घेतले. लेफ्ट-पॅड नावाच्या त्या पॅकेजमध्ये जेमतेम 11 ओळी होत्या, तरी जगभरातले असंख्य प्रकल्प त्यावर टेकलेले असल्याने ते बनेनासे झाले. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावाच्या साधनात असे भोक सापडले की बाहेरच्याला सर्व्हरवर हवे ते चालवता येई. अशा बातमीच्या दिवशी छोट्या कंपनीत नवे काम थांबते आणि जुन्या सगळ्या ग्राहकांची यादी काढून एकेक सर्व्हर तपासला जातो. यादीच नसेल तर आधी ती करावी लागते. कधी बदल ब्राउझरकडून येतो: जुलै 2018 पासून क्रोम साध्या ‘एचटीटीपी’ साइटपुढे ‘असुरक्षित’ दाखवू लागला, आणि 2020 संपताना फ्लॅश बंद झाले तेव्हा त्यावर बनवलेले शाळांचे धडे रातोरात मुके झाले.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून कोड लिहिण्याचा वेग वाढला आहे. पाच पानांची साधी साइट आता कुणीही दुपारभरात उभी करतो, त्यामुळे तिचा भाव उतरला आणि शिकाऊ मुलांना मिळणारी पहिली कामेही घटली. कोड यंत्राने लिहिला तरी तो चुकला तर ग्राहक फोन कंपनीलाच करतो. त्यातच 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले असून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. गंभीर कसुरीला 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, म्हणून क्लासच्या मुलांचे मोबाइल नंबर एक्सेलमध्ये भरून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची सवय आता महागात पडू शकते.

ग्राहकाच्या बाजूने पाहता एक साधी गोष्ट राहून जाते. साइटचे नाव, म्हणजे डोमेन, बऱ्याचदा काम करणाऱ्या मुलाच्या खाजगी ईमेलवर नोंदलेले असते. तो पुण्याला गेला, त्याचा नंबर बदलला, नूतनीकरणाची सूचना त्या जुन्या ईमेलवर पडून राहिली की मुदत संपते, साइट आणि ऑफिसचे ईमेल एकदम बंद पडतात. ठरावीक काळ मूळ मालकाला नाव परत घेता येते, नंतर ते खुल्या बाजारात कुणीही घेऊ शकतो. म्हणून करार करतानाच डोमेन, सर्व्हर आणि बॅकअप तिन्ही खाती संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ईमेलवर काढून घ्यावीत आणि पासवर्डचे पाकीट चेकबुकासोबत कपाटात ठेवावे. वर्षातून एकदा बॅकअपमधून साइट खरोखर उभी करून दाखवायला सांगावे. कंपनी चांगली असेल तर ती याला नाही म्हणत नाही.