विम्याचा क्लेम आणि सर्व्हेअर : व्यापाऱ्याने काय ध्यानात ठेवावे?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे गोदामाला किंवा लूमच्या शेडला आग लागली की क्लेम कळविल्यानंतर एक माणूस फाईल आणि कॅमेरा घेऊन येतो. आपले लोक त्याला 'कंपनीचा माणूस' समजतात. कोणी त्याच्याशी भांडतो, कोणी चहापाणी करून त्याला खूश करू पाहतो. दोन्ही गोष्टी निरुपयोगी आहेत.

हा सर्व्हेअर. त्याला नेमते आणि फी देते विमा कंपनी, पण तो तिचा नोकर नसतो. त्याचा परवाना विमा नियामक प्राधिकरणाचा असतो. विमा अधिनियम १९३८ च्या कलम ६४ यूएमनुसार, ठराविक रकमेवरील नुकसानीत परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल सामान्यतः आवश्यक असतो. नुकसान कशाने झाले, ते पॉलिसीत बसते का, किती झाले आणि उरलेल्या मालाची किंमत काय, हे तो ठरवितो.

माल जळून राख झाला तर मोजणार काय? अशा वेळी तो वह्यांवरून हिशेब मांडतो. वर्षारंभीचा साठा, त्यात खरेदी मिळवायची आणि विकलेल्या मालाची मूळ किंमत वजा करायची. उरेल तो त्या दिवशीचा साठा. म्हणून बिले, चलने आणि स्टॉकबुक यांची एक प्रत गोदामाबाहेर ठेवावी. पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला घ्यावा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत जळका माल हलवू नये.

दोन ठिकाणी आपले लोक हमखास अडकतात. पहिले, कमी रकमेचा विमा. समजा माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा आणि नुकसान ४ लाखांचे. तर 'अ‍ॅव्हरेज'च्या अटीने हातात साधारण २ लाखच येतील. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, त्यापुढची नाही. दुसरे, मजुरीचा माल. शेडमधले सूत शेठचे असेल, तर इतरांचा माल ठेवल्याची नोंद पॉलिसीत हवी. ती नसेल तर सर्व्हेअर ते सूत हिशेबात धरणार नाही, आणि शेठ मात्र पैसे मागणारच.

अहवाल अमान्य असल्यास त्याची प्रत मागावी व चुका पुराव्यानिशी लेखी कळवाव्यात. सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली प्रदीपकुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. एकट्या मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योग यांनाही ही सोय आहे. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही.

थोडक्यात, सर्व्हेअर तोंडी कैफियतीपेक्षा कागदाला जास्त मानतो. म्हणून आजच पॉलिसी काढून विम्याची रक्कम आणि मजुरीच्या मालाची नोंद तपासावी.