कुंपणाचा निवडुंग आणि बांधावरचा धोतरा

शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. घोड आणि भीमा यांच्या काठचा ऊस मागे टाकून माळाकडे वळले की कुंपणाला निवडुंग दिसतोच. निवडुंग खाल्ल्याने डोळ्यांपुढे रंगीत दृश्ये येतात, असे सांगणाऱ्या चित्रफिती आता मोबाईलवर फिरतात. ‘आजोबा, हा तोच का?’ असे एखाद्या नातवाने आपल्यालाही विचारले असेल. तर उत्तर निःशंकपणे द्यावे: नाही, हा तो नव्हे.

ज्याची चर्चा चालते तो पेयोटे हा मेक्सिको आणि टेक्सासच्या कोरड्या भूमीतला, जमिनीलगत वाढणारा, बिनकाट्यांचा, बटणासारखा दिसणारा निवडुंग आहे. त्याचा एक उंच, खांबासारखा भाऊबंद, सान पेद्रो, दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात आढळतो. दोहोंत मेस्कलीन नावाचे द्रव्य असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आर्थर हेफ्टर यांनी १८९७ मध्ये ते स्वतः घेऊन पाहिले आणि पेयोटेचा परिणाम कशामुळे होतो याचा उलगडा झाला. मेक्सिकोतील हुइचोल लोक पेयोटेसाठी वाळवंटात यात्रेला जातात. आपल्याकडे तुकोबांची पालखी यवत, वरवंड अशी मजल-दरमजल करीत जाते, तशीच त्यांचीही ही यात्रा पूर्वापार पायी होत असे. तीत व्रत असते, नियम असतात आणि जाणत्या पुजाऱ्याची देखरेख असते. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी १९१८ मध्ये ओक्लाहोमा येथे स्थापन केलेल्या चर्चमध्ये पेयोटे हा प्रसाद मानला जातो. ही सारी चौकट बाजूला सारून केवळ गंमत म्हणून मेस्कलीन घेणे ही निराळी गोष्ट आहे. त्याने नाडी आणि रक्तदाब वाढतो, मनाचा तोल ढळतो. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने त्यावर बंदी आहे.

आपल्या माळावरचा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच. त्याची लाल बोंडे लहानपणी आपण काटे काढून खाल्ली असतील; त्यांत नशा नाही. त्रिधारी निवडुंग आणि शेर यांना आपण निवडुंगातच मोजतो, परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती वेगळ्याच कुळातली झाडे. फांदी मोडताच पांढरा चीक आला की ते ओळखावे. हा चीक डोळ्यांत उडाल्यास बुबुळाला इजा होते. तत्काळ स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा. दूध, तूप किंवा मध डोळ्यांत घालू नये.

मनावर अंमल करणारी वनस्पती मात्र आपल्या परिसरात आहेच. ती कुंपणात नसून बांधावर, उकिरड्याशेजारी आणि पडक्या वाड्यांच्या आवारात उगवते: धोतरा. कर्ण्याच्या आकाराचे पांढरे किंवा जांभळट फूल आणि काटेरी गोल फळ आपल्या ओळखीचे आहे. महाशिवरात्रीला शिरूरजवळच्या रामलिंगाला किंवा श्रावणात यवतजवळच्या भुलेश्वराला जाताना आपण बेलाबरोबर ते वाहिलेही असेल. ज्याने हलाहल पचविले त्यालाच हे फळ वाहावे, या संकेतात आपल्या पूर्वजांची सावधगिरी दिसते, असे मला वाटते. महादेवाला वाहिलेले धोतऱ्याचे फळ प्रसाद म्हणून कोणी खात नाही.

आयुर्वेदाने धोतऱ्याला उपविषांत गणले आहे. शोधन केल्यावाचून तो औषधात वापरीत नाहीत. दम्यावरचे कनकासव प्रसिद्ध आहे. त्यातील ‘कनक’ म्हणजे धोतराच. वाळलेल्या पानांचा धूर ओढून धाप कमी करण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतातून इंग्लंडमध्ये गेली आणि पुढे तेथे दम्याच्या सिगारेटीही विकल्या जात. आज दम्यासाठी आणि जुनाट खोकल्यासाठी आपण जे पंप ओढता, त्यांपैकी इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही औषधे धोतऱ्यातील अट्रोपिनवरूनच घडविली गेली. कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला रुग्णालयात जे अट्रोपिन टोचतात, तेही हेच. म्हणजे पूर्वजांची निरीक्षणे खोटी नव्हती. अडचण मात्रेची आहे. पंपाच्या एका दाबात किती औषध आहे हे ठाऊक असते. बांधावरच्या एका फळात किती विष आहे हे सांगता येत नाही, कारण ते जमीन, ऋतू आणि झाडाचे वय यांनुसार बदलते. म्हणून पानांची विडी, बियांचे चूर्ण किंवा पानांचा काढा घरी करू नये, मग सांगणारा कितीही अनुभवी असो. कनकासवही वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

धोतऱ्याची बाधा कशी ओळखावी? तोंडाला कोरड पडते, गिळवत नाही, कातडी तापते आणि लाल होते, बाहुल्या मोठ्या होऊन उजेड सहन होत नाही, छाती धडधडते, लघवी अडते. मग बडबड सुरू होते. रोगी नसलेल्या माणसांशी बोलतो, हवेतून काहीतरी वेचतो, बोटांच्या टोकांतून अदृश्य दोरे ओढीत बसतो. शुद्धीवर आल्यावर त्याला यांतले बहुधा काही आठवत नाही. हा त्रास साधारणतः अर्ध्या तासापासून काही तासांत सुरू होतो आणि एक-दोन दिवस टिकू शकतो.

घरातील वृद्धाला असे झाले की ‘वात झाला’, ‘वयोमानाने भ्रम झाला’ असे म्हणून रात्र काढली जाते. तसे करू नये. काल नीट बोलणारा माणूस आज अचानक बरळू लागला, तर त्याला म्हातारपण म्हणत नाहीत. त्यामागे शोधण्याजोगे कारण असते. काचबिंदू, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी किंवा हृदयविकार असलेल्यांना तर धोतऱ्याची थोडी मात्राही महागात पडते. मीठपाणी पाजून ओकारी काढू नये, चिंचेचे पाणी किंवा तूप पाजण्यात वेळ दवडू नये. रोग्याला एकटे सोडू नये, मंद उजेडात ठेवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि शिरूर किंवा दौंडच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. खाल्लेल्या वस्तूचा उरलेला भाग सोबत न्यावा. डॉक्टरांना त्याची फार मदत होते.

येथे आणखी एक गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांनी जाणून घ्यावी. धोतरा शरीरात ज्या रासायनिक संदेशाची वाट अडवतो, तीच वाट कपाटातल्या कित्येक साध्या गोळ्याही अडवतात. सर्दीवरची क्लोरफेनिरामिन, पोटातील कळेवरची डायसायक्लोमिन, झोप किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीवरची ऑक्सिब्युटिनिन, कंपवातावरची ट्रायहेक्सिफेनिडिल. एकेक गोळी सोसते. तिघा डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्यांतून त्या एकत्र आल्या की ऐंशीच्या घरातील माणसाचे तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, सायंकाळी गोंधळ उडतो. धोतऱ्याला हात न लावताही ही धोतऱ्याचीच सौम्य बाधा होय. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. सर्व गोळ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ठेवा आणि यांतील कोणती कमी करता येईल ते विचारा.

राहिला बांधावरचा धोतरा. त्याचे वाळलेले बी मिरचीच्या बियांसारखे दिसते. फरक इतकाच, की ते किंचित मोठे, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे आणि चवीला तिखट नसून कडू असते. पाखडलेल्या धान्यात मिसळले तर मंद नजरेला कळत नाही. त्यामुळे फळे तडकण्यापूर्वीच झाड मुळासकट उपटावे. बी मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते. उपटताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. रसाचा हात चुकून डोळ्याला लागला, तर त्या एकाच डोळ्याची बाहुली मोठी होऊन तशीच राहते, आणि मेंदूत काही बिघाड झाला की काय, अशी शंका डॉक्टरांना येते. अशा वेळी आपण सकाळी बांध साफ करीत होतो, हे त्यांना आधी सांगावे.