बधिरांध विद्यार्थी ओळखायचा कसा?

चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या पाड्यावरच्या शाळेत मागच्या ओळीत बसलेले मूल हाकेला कधी ओ देते, कधी देत नाही. फळ्यावरचे उतरवून घेत नाही. त्याच्यावर 'मतिमंद' असा शिक्का बसतो आणि विषय संपतो. त्याला कमी ऐकू येते आणि कमी दिसतेही, ही शक्यता सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

बधिरांध म्हणजे ठार बहिरा आणि पूर्ण आंधळा, हा समज चुकीचा आहे. यांतील बहुतेकांना थोडेफार दिसते वा ऐकू येते. कर्णबधिर मूल डोळ्यांच्या आधारे शिकते, अंध मूल कानांच्या. येथे दोन्ही आधार एकदमच तोकडे पडतात. त्यामुळे दोन मध्यम दोषांतून होणारे नुकसान त्यांच्या बेरजेहून मोठे असते. शिबिरात कानांची तपासणी एका टेबलावर आणि डोळ्यांची दुसऱ्या टेबलावर झाली व दोन्ही कागद कोणी शेजारी ठेवून पाहिले नाहीत, तर हे मूल निसटते.

गरोदरपणी आईला झालेला रुबेला, अकाली जन्म, मेंदूज्वर ही काही कारणे. अशर विकाराची गोष्ट निराळी. त्यात बहुधा बहिरेपण जन्मतः असते आणि रातांधळेपणा पुढे, अनेकदा किशोरवयात, जाणवू लागतो. कर्णबधिरांच्या निवासी शाळेत तिन्हीसांजेला खाणाखुणांच्या गप्पा टाळणारा, ओट्याच्या कडेला ठेचकाळणारा मुलगा धांदरट नसून त्याची नजर अधू होत असू शकते. अशा शाळांत डोळ्यांची वार्षिक तपासणी म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात या स्थितीचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला नावानिशी स्थान दिले आणि दिव्यांग मुलांच्या शोधासाठी दर पाच वर्षांनी शालेय सर्वेक्षणाची तरतूद केली. मात्र सर्वेक्षकाला लक्षणेच ठाऊक नसतील, तर रकाना कोराच राहणार. या मुलांसाठी काम करणारी हेलन केलर संस्था १९७७ पासून मुंबईत आहे. खानदेशातील पालकाला ते अंतर परवडणारे नाही. भिस्त गावोगाव फिरणाऱ्या विशेष शिक्षकावरच.

त्याने वर्गात, अंगणात, उजेडात आणि अंधारात मुलाला पाहावे. वस्तू नाकाशी नेते का, घुंगराच्या आवाजाकडे वळते का, हे टिपावे. आईला तर आवर्जून विचारावे. मूल कोणत्या बाजूने हाक मारल्यावर हसते, हे तिला कोणत्याही यंत्राआधी कळलेले असते.