दुसरा आधार : घाटवाटेवरील मोटारदुरुस्ती

मुंबईहून पुण्यास निघालेली मोटार खालापूर तालुक्यांतून खोपोलीजवळ येऊन बोरघाट चढूं लागली, म्हणजे तिच्या अंगचे सारे दोष उघडे पडतात. सपाटीवर निमूट चालणारें इंजिन येथें तापतें. परततांना उतारावर ब्रेकची परीक्षा होते. गाड्यांच्या वाहतुकीस हा घाटरस्ता १८३० सालीं, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना, खुला झाला. २००२ सालीं पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गानें प्रवास पुष्कळ सुलभ केला, परंतु चढ-उतार कांहीं नाहींसा झाला नाहीं.

शेजारच्या कर्जत तालुक्यांत रेल्वेनें या उताराशीं कसा व्यवहार केला, हें पाहण्यासारखें आहे. आगगाडीचा घाटमार्ग १८६३ सालीं सुरू झाला. घाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जत येथें मागून जादा इंजिनें जोडतात. तीं गाडी रेटतात आणि मागें घसरण्यापासून सांवरतातहि. उतरतांना एखादी गाडी आवरेनाशी झाली, तर तिला चढावर वळवून थोपविणारे खास फांटेहि बांधलेले आहेत. एका आधारावर विसंबूं नये, हें यामागील तत्त्व. घरच्या मोटारीस हात घालणाऱ्यानें तेंच आपलेंसें करावें. कारण अशा कामांतील पुष्कळसे अपघात कौशल्याच्या अभावीं नव्हे, तर एकाच आधारावर टाकलेल्या विश्वासामुळें होतात.

पहिली गोष्ट जागेची. चाक पंक्चर झालें, तरी गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला, शक्य तर सपाट जागीं न्यावी. टायर वांचविण्यासाठीं वाहत्या रस्त्यांत थांबणें म्हणजे दमडीसाठीं जीव पणास लावणें होय. इशाऱ्याचे दिवे लावून तांबडा त्रिकोण मागें पुरेशा अंतरावर ठेवावा आणि मुलामाणसांना कठड्यापलीकडे उभें करावें. द्रुतगती मार्गावर स्वतः चाक बदलीत न बसतां मदतीची गाडी बोलाविणेंच श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट गाडी स्थिर करण्याची. हातब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्यें ठेवावी आणि जें चाक उचलावयाचें, त्याच्या कर्णरेषेंतील चाकास दोहों बाजूंनीं दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. नट अर्धा फेरा सैल करावयाचे ते चाक जमिनीवर असतांनाच. गाडी उचलल्यावर पान्ह्यास हिसका दिला, तर ती जॅकवरून घसरते. पावसाळ्यांत कर्जत-खालापूरकडील माती भिजून मऊ होते; तींत जॅक एका बाजूस रुतूं नये म्हणून त्याखालीं जाड फळी घालावी.

जॅक हा उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. चाक बदलेपर्यंत सुटें चाक गाडीच्या बाजूच्या कडेखालीं आडवें सरकवून ठेवावें. जॅक निसटलाच, तर गाडी त्यावर टेकते. गाडीखालीं शिरण्याचा प्रसंग असेल, तर ती भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकविल्याशिवाय डोकें आंत घालूंच नये. विटांची चळत हा आधार नव्हे. वीट पूर्वसूचना न देतां फुटते.

इंजिन तापलें असतां रेडिएटरचें झाकण उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें १०० अंशांच्या वर जाऊनहि उकळत नाहीं; झाकण सैल होतांच तें एकदम वाफ होऊन तोंडावर उसळतें. इंजिन पूर्ण निवेपर्यंत वाट पाहणें, हाच उपाय. बॅटरीची ऋण तार आधीं सोडावी व सर्वांत शेवटीं जोडावी. नाहीं तर धन टोंकावरील पान्हा गाडीच्या पत्र्यास लागून ठिणग्या उडतात. बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायु निघतो, म्हणून तेथें काडी ओढूं नये आणि हातांतील अंगठी व कडें आधींच काढावें. बंद गॅरेजांत इंजिन चालूं ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास, आणि तो माणसाचा प्राण घेतो.

कोठें थांबावें, हेंहि ज्ञानच आहे. चाक, दिवा, पुसणी, हवा हीं घरचीं कामें. ब्रेक व सुकाणू हीं जाणकार कारागिराचीं. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें. मग लांब उतारावर तें तापून उकळतें आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. म्हणून तेल मुदतींत बदलून घ्यावें व उतरतांना खालच्या गिअरचा दुसरा आधार घ्यावा. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी तारांना तर घरीं कोणीं स्पर्शहि करूं नये.

शेवटीं नट समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे, गाडी खालीं घेतल्यावर पुन्हां आवळावे आणि थोडें अंतर जाऊन एकदां तपासावे. यास पांच मिनिटें लागतात. घाटांत सुटलेलें चाक केवळ आपल्याच गाडीवर संकट आणीत नाहीं. खालून चढून येणारा निरपराध प्रवासीहि त्याच्या वाटेंत असतो.