चिडवणं वेगळं, हिणवणं वेगळं

शाळेतून रडत आलेल्या लेकराला घरोघरी एकच सल्ला मिळतो, "तू चिडू नकोस, म्हणजे ते चिडवणार नाहीत." हा सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेलं अर्धं मराठी व्याकरण सांगतं.

'चिडणे'पासून 'चिडवणे', 'खिजणे'पासून 'खिजवणे' ही प्रयोजक क्रियापदं. समोरचा चिडला तरच चिडवणाऱ्याचं काम पुरं होतं. तो हसून मोकळा झाला, की खेळ संपला. 'हिणवणे' मात्र 'हीन' या विशेषणातून आलं आहे. रोजच्या बोलण्यात कुणी 'हिणत' नाही. समोरचा चिडो, हसो की गप्प बसो, त्याला कमी लेखण्याचं काम बोलणाऱ्याने एकट्यानेच उरकलेलं असतं.

वाक्यातला वापरही बोलका आहे. थट्टा 'करतात', टर आणि खिल्ली 'उडवतात', वाकुल्या 'दाखवतात'. वेडावताना समोरच्याची नक्कल करतात. हिणवतात ते 'अमुक म्हणून' किंवा 'अमुकावरून' : काळी म्हणून, जातीवरून, फाटक्या दप्तरावरून. थट्टा दोन्हीकडून रंगते, म्हणून मेव्हण्या-मेव्हण्यांत ती शोभते. हिणवण्याला असं उलट उत्तर नसतं.

इंदापूर तालुक्यातल्या, नीरेकाठच्या निरवांगीसारख्या गावातलं पोर पुण्याच्या कॉलेजात जातं आणि 'पाणी'ला 'पानी', 'होय'ला 'व्हय' म्हणतं. दोस्तांनी हसत त्याची नक्कल केली, तर ते वेडावणं. त्याच्यावर 'गावंढळ' असा शिक्का मारला, की ते हिणवणं. मग ते वर्गात शंका विचारायचंही सोडून देतं.

हे दुखणं जुनंच. ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना आळंदीत 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवलं गेलं, असं परंपरा सांगते. त्यांचा जन्मच त्यांचा गुन्हा ठरवला गेला. त्यातल्याच ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. हेटाळणी करणाऱ्यांत विसोबाही होते. पुढे तेच या भावंडांना शरण गेले आणि विसोबा खेचर म्हणून नामदेवांचे गुरू झाले. या कथेत बदलावं लागलं ते विसोबांना.

म्हणून लेकरू रडत आलं, की आधी विचारावं, "कशावरून बोलले?" नुसतं चिडवलं असेल तर जुना सल्ला पुरेसा आहे. रंग, जात, बोली किंवा गरिबीवरून हिणवलं असेल, तर 'लक्ष देऊ नकोस' म्हणून भागत नाही. तेव्हा शाळेत जाऊन बोलावं आणि सुधारण्याची जबाबदारी हिणवणाऱ्यावर टाकावी.