रेघा दिसल्या नाहीत तर

काचेच्या लहान नळीत थोडे द्रावण घ्यायचे. बोटाला सुई टोचून काढलेले रक्त त्यात मिसळायचे आणि काही मिनिटांनी नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या, तर त्या रक्तात सिकलसेलचे हिमोग्लोबिन आहे. विदर्भातल्या कितीतरी शाळा-आश्रमशाळांत ही चाचणी झाली आहे.

पिपरी मेघेतल्या आमच्या घरी ती उशिरा आली. पुतण्या सहा वर्षांचा होता. हातपाय सुजायचे, रात्र रात्र रडायचा. एका दवाखान्यात वर्षभर त्याला संधिवाताचे औषध चालले. मग एके दिवशी नळी गढूळ झाली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, जीवशास्त्राशी संबंध दहावीपर्यंतचा. पण ‘गढूळ का झाली?’ हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. वीस वर्षे त्याच्यामागे वाचतो आहे. उत्तर एका ओळीचे आहे : प्रथिन प्रथिनाला चिकटले म्हणून. ती ओळ समजायला मात्र मला फार वेळ लागला.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. आठवडी बाजारात खांद्याला खांदा लागतो, तशी ही गर्दी. रेणू सतत एकमेकांवर आदळतात आणि बहुतेक भेटी तशाच विरतात. पण कुठे एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खाचेत बसतो, कुठे ऋणभाराला धनभार भेटतो, कुठे पाण्याला टाळणारी तेलकट जागा दुसऱ्या तेलकट जागेला बिलगते. तिथे जोडी जमते. हिमोग्लोबिन स्वतःच अशा जोड्यांतून उभे आहे : दोन अल्फा, दोन बीटा, अशा चार साखळ्या. एकीने प्राणवायू उचलला की उरलेल्यांना तो उचलणे सोपे जाते. म्हणजे चिकटणे हा काही मुळात रोग नव्हे.

विळ्यासारख्या वाकलेल्या पेशींचे वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. विजेच्या क्षेत्रात हा रेणू निरोगी रेणूपेक्षा वेगळा सरकतो. पुढे व्हर्नन इनग्राम यांनी दोषाची नेमकी जागा शोधली. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ऋणभारित ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. बाकीची १४५ जशीच्या तशी! भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीची. आपल्या मध्य भारतातली नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली.

व्हॅलिन भाररहित आणि तेलकट. रेणूने प्राणवायू सोडला की त्याचा आकार बदलतो आणि बीटा साखळीवर एक तेलकट खाच उघडी पडते. शेजारच्या रेणूचे व्हॅलिन नेमके त्या खाचेत जाऊन बसते. त्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा. असे करत चौदा पेडांचा ताठ दोर वळला जातो. तो पेशीला आतून ढकलतो, पेशी वाकडी आणि कडक होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. त्या वेदनेत मूल कसे कळवळते ते पाहिलेल्यालाच ठाऊक. नळीतले द्रव्य प्राणवायू हिरावून घेते म्हणून तिथेही हेच दोर वळले जातात. गढूळपणा तो तोच.

या दोराची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो लगेच वळत नाही, आधी थोडा वेळ काहीच घडत नाही. तेवढ्यात पेशी फुप्फुसात परतली तर संकट टळते. हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी १९७४ मध्ये दाखवले की द्रावणात हा वेळ हिमोग्लोबिनच्या संहतीच्या जवळजवळ तिसाव्या घाताने घटतो. हिशेब करून पाहा : संहती १० टक्क्यांनी वाढली तर वेळ सतरा पटींनी कमी. शरीरातले पाणी कमी झाले की पेशी आकसते आणि संहती वाढते. वर्ध्याच्या मे महिन्यात ‘पाणी पीत जा’ हा डॉक्टरांचा सल्ला मला आधी वरवरचा वाटायचा. हे गणित कळल्यावर वाटेनासा झाला.

वाहकाच्या पेशीत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन निरोगी असते, म्हणून त्याला सहसा त्रास होत नाही. गर्भातले हिमोग्लोबिन तर या दोरात सामीलच होत नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी ते वाढवते. पुतण्या ती रक्त तपासत तपासत घेतो.

नळीची चाचणी वाहक कोण आणि ग्रस्त कोण हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस लागते, म्हणजे पॉलिंग यांचीच युक्ती. दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के. एक ग्रस्त आणि एक वाहक असेल तर ५० टक्के. ग्रस्ताचा जोडीदार निरोगी असेल तर सारी मुले वाहक, ग्रस्त एकही नाही.

यंदा पुतण्याला स्थळ आले. आम्ही त्याचा अहवाल आधी समोर ठेवला आणि मुलीची तपासणी करून घ्यावी असे सुचवले. तिचे वडील म्हणाले, “आमच्या घरात असलं काही नाही.” वाहकाच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही हे मी त्यांना समजावले, कागदावर दोन साखळ्याही काढून दाखवल्या. मुलगी दाराआडून ऐकत होती. निघताना तिने तो कागद मागून घेतला. बोलणी अजून तिथेच आहेत.