मालगाडीचा चमू आणि घरापासून दूरचे तास
भारतीय रेल्वेत मालगाडीच्या चमूत लोको पायलट, सहाय्यक लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर (२०२२ पूर्वीचे पदनाम गार्ड) असतात. गाडी शेकडो किलोमीटर जाते, पण भुसावळसारख्या जंक्शनवर चमू बदलतो. मालगाड्यांना सहसा निश्चित वेळापत्रक नसल्याने कामाचे बोलावणे दिवसा वा रात्री केव्हाही येते. बाहेरगावी चमू ‘रनिंग रूम’मध्ये, म्हणजे जेवणाची व झोपण्याची सोय असलेल्या रेल्वेच्या विश्रामगृहात थांबतो आणि परतीची मालगाडी नसल्यास ‘स्पेअर’, म्हणजे काम न करता प्रवास करून, मुख्यालयी (आपल्या नेमणुकीच्या ठिकाणी) परततो. आठ किंवा अधिक तासांच्या कामानंतर बाहेरगावी ८, तर मुख्यालयी १६ तासांच्या विश्रांतीचा नियम आहे. मात्र लूप लाइनवर, म्हणजे मुख्य मार्गालगतच्या रुळांवर, प्रवासी गाड्यांना वाट देत मालगाडी खोळंबली, की विश्रांतीचा प्रारंभ आणि घरी परतणे दोन्ही लांबते.